लस आणि मांडी

रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत बाळ जन्मले की नवे आईबाप लशीविषयी कसून विचारपूस करतात, आणि ते योग्यच होय. पेंटाव्हॅलंट लशीनंतर एकदोन दिवस ताप येतो, टोचल्या जागी सूज येते. याहून गंभीर परिणाम फारच विरळा. लशीमुळे मुलाला स्वमग्नता जडते असा संशय पसरविणारा १९९८ सालचा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये रद्द ठरविला. गोवर मात्र खरोखरच जीव घेतो. म्हणूनच नववा महिना पूर्ण होताच त्याची लस टोचतात.

परंतु हीच चौकस मंडळी दवाखान्यातून परतताना बाळाला मोटारीत मांडीवर घेऊन बसतात, तेही पुष्कळदा पुढच्या बाजूस! ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आदळून एकदशांश सेकंदात थांबली, तर ७ किलोच्या बाळाला धरून ठेवण्यास सुमारे ८० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. कोणत्या आईच्या हातांत ते असते? मागच्या बाकावर बांधलेले, गाडीच्या पाठीकडे तोंड असलेले बालकासन हा धक्का डोके, मान व पाठ यांवर सारखा विभागते. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास पट्टा वा असे आसन न दिल्यास १००० रुपये दंड ठेवला आहे. लाखोंची मोटार घेणाऱ्यास काही हजारांचे आसन महाग वाटावे, हे नवलच.