भाताचा दोष किती?

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील अनेक जैन घरांत भाताशिवाय दुपारचे ताट पूर्ण होत नाही. परंतु पुलाव किंवा दहीभात खाल्ल्यावर घरातील एखाद्या व्यक्तीचे डोके दुखते, अंगाला खाज सुटते, पोट फुगते. ॲलर्जीच्या तपासणीत मात्र काहीच आढळत नाही. मग खापर भातावर फोडले जाते किंवा त्या व्यक्तीलाच नखरेल ठरवले जाते. दोन्ही निवाडे अन्यायाचे असू शकतात.

हिस्टामिन हे रसायन शरीरात तयार होते, तसेच अन्नातूनही येते. अन्नातील हिस्टामिनचा निचरा मुख्यतः आतड्यातील डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर करते. ते अपुरे पडले की जमा वाढत जाते. व्यापारी कुटुंबांना हे गणित परिचितच आहे : एकेक रक्कम लहान असते, पण बेरीज जड जाते. म्हणूनच एके दिवशी सोसलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी त्रास देतो.

ताजा साधा भात बहुतेकांना सोसतो. प्रश्न त्याच्या सोबत्यांचा आणि वेळेचा असतो. कांदा-लसूण वर्ज्य असल्याने जैन पुलावाची चव पुष्कळदा टोमॅटोवर तोललेली असते आणि नेमका तोच अशा रुग्णांना बाधू शकतो. दही आणि इडली-डोशाचे पीठ आंबवलेले असते. डाळ-भात बराच वेळ दमट हवेत राहिला की जिवाणूंना वाव मिळतो; एकदा तयार झालेले हिस्टामिन पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. पहाटे भरून दुपारी पेढीवर उघडल्या जाणाऱ्या डब्याचा विचार म्हणूनच करावा लागतो.

वासी अन्नाचा त्याग शास्त्राने जीवदयेसाठी सांगितला, या विकारासाठी नव्हे. तरीही येथे तो नियम हितकर ठरतो. ताजा वाडा कोलम, मुगाची डाळ, जिरे आणि तूप यांची खिचडी. दुधी, तोंडली, ओले खोबरे आणि कोथिंबीर घातलेला टोमॅटोविरहित पुलाव, एवढ्यानेही ताट रुचकर राहते.

मात्र या विकाराची खात्रीशीर अशी एकच चाचणी नाही. कंदमुळे आधीच वर्ज्य असताना अंदाजाने आणखी पदार्थ गाळल्यास पोषण घटते. डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने काही आठवडेच पथ्य पाळावे, रोजची नोंद ठेवावी आणि एकेक पदार्थ पुन्हा घेऊन पाहावा. ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर मात्र पथ्याचा विचार करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.