‘फिट’ म्हणजे किती फिट?

मोठे ऑपरेशन ठरले की सर्जन ‘फिटनेस’ आणायला सांगतात. फिजिशियन ईसीजी काढतात, आलेखावर नजर फिरवतात आणि ‘फिट फॉर सर्जरी’ असा शेरा लिहून देतात. धोका किती आणि कशाचा, हे त्या शेऱ्यात बहुधा नसते. नातेवाइकांना मात्र ती हमी वाटते.

धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी जगभर 1999 सालचा सुधारित हृदय-धोका निर्देशांक वापरतात. शस्त्रक्रियेचे स्वरूप, हृदयधमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, पक्षाघात, इन्सुलिनवरचा मधुमेह आणि वाढलेले क्रिएटिनिन या सहा गोष्टी त्यात धरतात. ईसीजीला त्यात स्थान आहे ते जुन्या हार्ट अटॅकच्या खुणेपुरते. आता अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या सुमारे 37 हजार रुग्णांच्या नोंदी संगणकाला शिकवल्या. शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवेल का, हे ओळखण्यात रूढ पद्धतींची अचूकता 60 टक्क्यांच्या आसपास आहे. ईसीजीला वय आणि जुन्या आजारांची जोड दिल्यावर संगणकाने 85 टक्के गाठले. डॉक्टरांच्या डोळ्यांना जो आलेख ‘नॉर्मल’ दिसतो, त्यातही बरेच काही दडलेले असते, एवढे यावरून नक्की.

पण या नोंदी झाल्यागेल्या शस्त्रक्रियांच्या. धोका आधी कळल्यामुळे जीव वाचतात का, हे त्यातून कळत नाही. ऑपरेशन पुढे ढकलायचे, लहान करायचे की आयसीयूत खाट राखायची, हे शेवटी माणसांनीच ठरवायचे. आणि ईसीजीत बरेच काही दडलेले असते म्हणून सरसकट सगळ्यांचे ईसीजी काढत सुटण्यातही अर्थ नाही. मोतीबिंदूच्या सुमारे 19 हजार शस्त्रक्रियांवरील चाचणीत अशा सरसकट तपासण्यांचा काही लाभ दिसला नव्हता, तेही 2000 साली!

बॉस्टनचे गणित आपल्या रुग्णांना लागू पडते का, हे तपासायला आपल्याकडच्या नोंदी लागतील. त्या आहेत कुठे? बहुतेक ईसीजी थर्मल कागदावर निघतात, फाइलीत टाचले जातात आणि काही वर्षांत पुसट होतात. ऑपरेशननंतर महिनाभरात रुग्णाचे काय झाले, हे त्या कागदाशी कुणी जोडत नाही. मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांनी निदान या दोन गोष्टी संगणकावर एकत्र जपायला आता सुरुवात करावी. आणि फिटनेसच्या शेऱ्याखाली धोका कमी, मध्यम की जास्त, एवढे तरी लिहावे.