पदार्थाच्या नावाची पाटी

तुलसीविवाह आटोपला आणि प्रवरेच्या काठावर ऊसतोडीची लगबग सुरू झाली, म्हणजे संगमनेर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरगुती समारंभांचाही हंगाम सुरू होतो. वास्तुशांत, साखरपुडा, डोहाळेजेवण, बारसे अशी निमित्ते लागोपाठ येऊ लागतात, आणि पणत्यांच्या धांदलीतून नुकताच मोकळा झालेला आमचा कारागीर आवा थंड करून संक्रांतीच्या सुगडांची वाट पाहत बसतो. एकीकडे घरोघरी उठणाऱ्या पंगती आणि दुसरीकडे रिकामे राहिलेले चाक, या दोन गोष्टी एका गल्लीत नांदत असूनही त्यांची गाठ पडत नाही, हे पाहून या महिन्याच्या संपादकीयासाठी आम्ही एक अत्यंत लहान जिन्नस निवडला आहे: जेवणाच्या मांडणीत प्रत्येक पदार्थापुढे ठेवायची, त्याचे नाव सांगणारी, धुऊन-पुसून वर्षानुवर्षे वापरता येणारी मातीची पाटी.

आपल्या भोजनपद्धतीत पदार्थाचे नाव लिहून ठेवण्याची गरज पूर्वी कधी भासली नाही, याचे कारण असे, की पानावरची जागा हेच पदार्थाचे नाव होते. डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या बाजूस भाज्या आणि आमटी. मध्ये भाताची मूद. हा शिरस्ता इतका पक्का होता, की पानावर बसलेल्या लहान मुलालाही काय कोठे आहे हे विचारावे लागत नसे. त्यातून जे जागेवरून कळले नाही ते वाढप्याच्या मुखातून कळे. पंगतीतून फिरणारा तो पदार्थाचे नाव पुकारीत येई, नको असेल त्याने पानावर हात आडवा धरावा आणि हवे असेल त्याने वाटी पुढे करावी, इतका साधा तो व्यवहार होता. आज घरच्या जेवणातही टेबलावर झाकलेले डबे आणि पातेली ओळीने मांडली जातात, पाहुणा हातात ताट घेऊन स्वतःच वाढून घेतो, आणि या सोयीच्या बदल्यात पानावरची नेमलेली जागा व वाढप्याचा आवाज या दोन्ही गोष्टी आपण गमावून बसलो आहोत. यजमानाचा तो हरवलेला आवाज पाटीने परत आणावयाचा आहे.

हे केवळ शोभेचे काम नव्हे, हे आमच्याच घरी घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस शिकविले. वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही टेबलावर अकरा पदार्थ मांडले होते आणि घरातल्या मुलींनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरांत त्यांची नावे लिहिली होती. आमटीच्या वाफेने एक चिठ्ठी गुंडाळली, डाळिंबाच्या कोशिंबिरीच्या रसाने दुसरीची शाई पसरली, एवढ्यावर भागले असते तर विशेष काही नव्हते. परंतु पंख्याच्या वाऱ्याने उडालेल्या दोन चिठ्ठ्या कोणीतरी चटकन उचलून परत ठेवताना जवसाच्या चटणीची चिठ्ठी शेंगदाण्याच्या चटणीपुढे गेली. ज्या मुलाला शेंगदाण्याचा एक दाणाही चालत नाही अशा एका पाहुण्या मुलाच्या ताटात ती चटणी पडणार, तेवढ्यात त्याच्या आईने, सवयीनेच, पुन्हा एकदा विचारले. त्या माउलीने विचारले नसते तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही. वाऱ्याने न उडणारी, वाफेने न वळणारी, रसाने न पुसली जाणारी नावाची पाटी करणे हे मातीचे काम आहे, आणि म्हणून ते तुमचे-आमचे काम आहे.

मातीने नाव वाहून नेणे ही काही नवी कल्पना नाही. गुजरातेतील लोथल येथे वखारीच्या अवशेषांत मुद्रा उमटविलेल्या मातीच्या गोळ्या सापडल्या, आणि त्यांच्या पाठीवर चटईचे, कापडाचे व सुतळीचे ठसे स्पष्ट आहेत. म्हणजे मालाच्या गाठोड्यावर गाठीपाशी ओली माती थापून तिच्यावर धन्याची खूण उठविण्याची वहिवाट चार हजार वर्षांपूर्वी होती. मिसर देशाचा राजा तूतनखामेन याचे थडगे १९२२ साली उघडले तेव्हा त्यातील मद्याच्या मातीच्या कुंभांवर मद्याचे वर्ष, द्राक्षमळा आणि मद्य करणाऱ्या मुख्य कारागिराचे नाव असा सगळा तपशील लिहिलेला आढळला. आणि इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावी १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि तेथील चाकावर घडविलेली, पातळ, खणखणीत भाजलेली, तांबड्या अंगावर काळ्या रंगाने भूमितीची नक्षी रेखलेली भांडी इतकी नमुनेदार ठरली, की महाराष्ट्रातील एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. त्याच प्रवरेच्या काठी खालच्या अंगाला दायमाबाद येथे सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे सापडली आहेत. ज्या नदीच्या गाळावर आपण हात ठेवतो, तिच्या काठी मातीवर अक्षर उमटविणारा हात आपल्या आधी कित्येक शतके होऊन गेला आहे, ही जाणीव ठेवून या लहान जिनसाकडे पाहावे अशी आमची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाटी दिसावयास सोपी असली तरी चाकावरच्या भांड्यापेक्षा ती अधिक खोडकर आहे, कारण भांड्याला गोलाईचा आधार असतो आणि सपाट पातळ तुकड्याला कशाचाच आधार नसतो. नुसती काळी माती या कामाला घेऊ नये. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच आकसते, त्यामुळे पाटी वाकडी होते किंवा तडकते. नदीचा अथवा तळ्याचा गाळ भिजवून, पातळ करून, कापडातून गाळून घ्यावा आणि त्यात जुन्या पक्क्या खापरांची बारीक भुकटी मिसळावी. ही भुकटी आधीच भाजलेली असल्याने आकसत नाही आणि साऱ्या तुकड्याला धरून ठेवते. गाळण्याचा कंटाळा करणाऱ्यास आमच्या भागातील चुनखडी शिक्षा केल्याशिवाय राहत नाही. मोहरीएवढा चुन्याचा खडा मातीत राहिला तर भट्टीत त्याची कळी होते, बाहेर आल्यावर ती हवेतील ओल शोषून फुगते, आणि चार-आठ दिवसांनी, बहुधा गिऱ्हाइकाच्या घरी, पाटीच्या तोंडावरचा टवका उडून आत पांढरा ठिपका दिसू लागतो.

मळलेली माती दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीची लाटावी. जाडी पाच ते सहा मिलिमीटर असावी. त्याहून पातळ केल्यास ती हाताळताना मोडते आणि जाड केल्यास टेबलावर बोजड दिसते. माती सुकून व भाजून साधारण दहा टक्के आकसते असे धरले, तर नव्वद मिलिमीटर लांबीची पाटी हवी असल्यास ओली शंभर मिलिमीटर कापावी लागेल. प्रत्येकाने आपल्या मातीची एक पट्टी भाजून हा आकडा स्वतः ठरवून घ्यावा. सुकविताना पाटी उघड्या उन्हात कधीही ठेवू नये. कागद घातलेल्या दोन लाकडी फळ्यांत ती दाबून ठेवावी, रोज उलटावी, आणि दोन्ही अंगांनी सारखीच सुकू द्यावी. एक अंग आधी सुकले की कडा त्या बाजूला उचलल्या जातात आणि मग त्या कोणत्याही उपायाने बसत नाहीत. भट्टी पहिले काही तास अगदी मंद चालवावी, कारण अंगातले पाणी वाफ होऊन हळूहळू निघून जावयास हवे, आणि ५७३ अंशांच्या सुमारास मातीतील गारगोटीचे कण एकाएकी प्रसरण पावतात तेथेही घाई करू नये. आव्यात मोठ्या माठांच्या मधल्या सांदींत या पाट्या सहज मावतात, म्हणजे त्यांच्यासाठी निराळे जळण लागत नाही, ही गोष्ट हिशेबाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण देवनागरी लिपी मातीपुढे एक स्वतंत्र प्रश्न उभा करते, आणि तो प्रश्न शिरोरेषेचा आहे. पातळ पाटीवर वरच्या कडेला समांतर अशी एक लांब सरळ रेघ सुईने खोल ओढली, की आपण नकळत तेथे मोडण्याची जागा आखून देतो. आमच्या कार्यशाळेत तडकलेल्या पाट्या एकत्र ठेवून पाहिल्या तेव्हा त्यांतील बहुतेक बरोबर शिरोरेषेवरच दुभंगलेल्या आढळल्या. यावर उपाय असा, की माती चिवट झाली असताना, म्हणजे बोटाचा ठसा उमटत नाही पण नखाचा उमटतो अशा वेळी, बांबूच्या बोथट काडीने अक्षर दाबून काढावे, सुईने कापू नये; शिरोरेषा उथळ ठेवावी आणि ती कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत घ्यावी. काडीच्या दोन्ही बाजूंस उठलेली मातीची कोर तेव्हाच खरवडू नये. पाटी पुरती वाळल्यावर तळहाताने हलकेच चोळली, की ती आपोआप झडते आणि अक्षराच्या कडा गोल राहतात. खोलगट अक्षरांत पांढऱ्या मातीचा पातळ घोळ भरून वरचा भाग पुसून घेतला, तर ‘पुरणपोळी’ हा शब्द हातभर अंतरावरून, दिव्याच्या उजेडात, चष्मा न लावताही वाचता येतो, आणि हीच पाटीची खरी परीक्षा आहे.

कायम नावाच्या पाट्या प्रत्येक घरात चारदोनच लागतात. वरण, भात, मठ्ठा, कोशिंबीर यांच्या पलीकडे दर जेवणाचा बेत निराळा असतो. म्हणून संचात कोऱ्या पाट्या अधिक असाव्यात, आणि येथे शाळेतल्या पाटीचाच कित्ता गिरवावा. गारगोटीने घासून गुळगुळीत केलेली पाटी कोंडलेल्या आव्यात धूर देऊन काळी पाडली, तर तिच्यावर पाटीवरची पेन्सिल चांगली उमटते व ओल्या फडक्याने साफ पुसली जाते. खडू मात्र वापरू नये, त्याची भुकटी अन्नात झडते. ज्यांच्याकडे विजेची अथवा गॅसची भट्टी आहे त्यांनी पाटीच्या दर्शनी भागास पारदर्शक झिलई द्यावी, तिच्यावर काचेवर लिहावयाच्या मेणाच्या पेन्सिलीने लिहिता येते. परंतु ती झिलई शिसेविरहितच असावी, याबाबत कोणतीही सबब चालणार नाही. झिलई न दिलेली माती तेल आणि हळद शोषून घेते, म्हणून पाटी पदार्थात खोचू नये, भांड्यापुढे उभी करावी. तिला मागे थोडा कल द्यावा, म्हणजे उभ्याने वाढून घेणाऱ्यास मान वाकवावी लागत नाही. वापर झाल्यावर ती धुवावी आणि पुरती वाळल्याखेरीज डब्यात भरू नये. बाजारात मिळणारी, न भाजता हवेवर वाळणारी माती घरच्या हौसेसाठी ठीक असली तरी पाण्यात ती पुन्हा मऊ पडते; पुनःपुन्हा धुवावयाच्या जिनसास अग्निसंस्कार हवाच.

पाटीवर काय लिहावे याचा विचार करणे हेही कारागिराचे काम आहे, केवळ गिऱ्हाइकाचे नव्हे. वेष्टनबंद अन्नासाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या नियमांनी शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख आवश्यक ठरविला आहे. घरच्या जेवणाला तो कायदा लागू नाही, परंतु त्यामागचा विवेक घरालाही लागू आहे. म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक संचाबरोबर चार-सहा लहान टिकल्या द्याव्यात: ‘शेंगदाणा आहे’, ‘कांदा-लसूण नाही’, ‘उपासाचे’, ‘तिखट’, ‘साखर नाही’. घरी आलेल्या जैन शेजाऱ्याला, एकादशी धरलेल्या आजीला, मधुमेह असलेल्या काकांना दर पदार्थाची चौकशी करीत बसावे लागू नये, आणि चौकशी करण्याच्या संकोचाने उपाशीही उठावे लागू नये, ही खरी आतिथ्याची बाब आहे.

बलुतेदारीच्या काळात गावाला वर्षभर मडकी पुरविणारा कुंभार गावाच्या प्रत्येक कार्यात धरलेला असे. लग्नातल्या कळसापासून संक्रांतीच्या सुगडापर्यंत त्याच्या हाताशिवाय कार्य सिद्धीस जात नसे. ती व्यवस्था गेली, तिच्यातला अन्यायही गेला, आणि ते इष्टच झाले. पण तिच्याबरोबर घरच्या जेवणातली मातीची जागाही धातूने आणि प्लास्टिकने घेतली. बोटभर पाटीने ती सगळी जागा परत मिळेल असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्या घरात माठाखेरीज मातीची दुसरी वस्तू उरलेली नाही, त्या घराच्या ऐन समारंभात, सर्वांच्या दृष्टीसमोर, आपल्या हातची अक्षरे उभी राहतील, हे थोडे नाही.

तेव्हा या हंगामात प्रत्येकाने बारा पाट्यांचा एक संच करावा, पण तो पहिला संच विकू नये. तो आपल्याच घरी, आपल्याच पाहुण्यांपुढे मांडावा. आमटीची वाफ त्याला लागू द्यावी, हळदीचे बोट त्याला लागू द्यावे, लहान मुलाच्या हातून त्यातली एखादी पाटी खाली पडू द्यावी. कोणती पाटी टिकली, कोणते अक्षर वाचता आले नाही, कोणते नाव लिहावयाचे राहून गेले, हे त्या एका जेवणात जितके कळेल तितके आमच्या चार लेखांतून कळणार नाही. दुसरा संच मग निश्चिंतपणे विकावा.