चौपट रॅम, चौपट खोळंबा

मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो आणि दुसऱ्यांचे डेटाबेस सांभाळतो. गिऱ्हाइकं लांबची, रात्रपाळी घरातली. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाचा रात्री अडीचला फोन आला. मुख्य सर्व्हर पडला होता आणि राखीव सर्व्हर काही केल्या उभा राहत नव्हता. लॉगिन करून पाहिलं तर डिस्क निवांत, नेटवर्क निवांत, एक कोअर 100 टक्क्यांवर तापलेला आणि बाकीचे सगळे माशा मारत बसलेले. पाणी भरायला उठलेली आई दारातून म्हणाली, "अरे, अजून उठला नाही का तो तुझा?" घरात कुणी आजारी असावं तशी.

तो उठला, पण पाऊण तासानं. सकाळच्या बैठकीत गिऱ्हाइकाच्या साहेबांनी हताश सुरात विचारलं, "मागच्याच महिन्यात रॅम वाढवली होती ना आपण?" वाढवली होती, साहेब. माती तिथंच खाल्ली.

हिशेब सांगतो, बोटांवर मोजण्यासारखा आहे. या गिऱ्हाइकाचा डेटाबेस पोस्टग्रेस; तो डेटा 8 केबीच्या पानांत ठेवतो. वापरातली पानं शेअर्ड बफर्स नावाच्या मेमरीच्या खान्यांत असतात. टेबल ड्रॉप केलं, म्हणजे कायमचं पुसलं, की त्याची पानं या खान्यांतून बाद करावी लागतात. नाहीतर एखादं न लिहिलेलं पान पुढं डिस्कवर जायला निघतं, आणि ज्या फाइलीत जायचं ती केव्हाच पुसलेली असते. इथवर सगळं रास्त. पण बाद करायची जुनी रीत काय होती? पहिल्या खान्यापासून शेवटच्या खान्यापर्यंत प्रत्येकाला विचारायचं, "तू त्या टेबलाचा का?" टेबल 3 पानांचं असलं तरी हीच रीत.

शेअर्ड बफर्स 16 जीबी असताना असे खाने 20,97,152 होते. रॅम वाढवताना साहेबांनी ते 64 जीबी केले, खाने झाले 83,88,608. प्रत्येक खान्याची माहितीची चिठ्ठी 64 बाइटची, म्हणजे 3 पानांचं टेबल पुसायला 512 एमबी चिठ्ठ्या चाळायच्या. त्यात यांचं सॉफ्टवेअर रोज रात्री सुमारे 40,000 किरकोळ टेबलं बनवतं आणि लगेच एकेक करून ड्रॉप करतं. मुख्य सर्व्हरवर हे काम डझनभर प्रोसेस वाटून घेतात, म्हणून तिथं कुणाला जाणवलं नाही. राखीव सर्व्हरवर बदलांची नोंदवही वाचून तेच सगळं पुन्हा करणारा गडी एकच असतो. त्याच्या वाट्याला 40,000 गुणिले 83,88,608, म्हणजे साडेतेहतीस हजार कोटी चौकश्या आल्या. रॅम चौपट केली, खोळंबा चौपट झाला. पैसे मोजून.

आमच्या कॉलनीतला एक भाडेकरू घर सोडून गेला आणि त्याचं नाव यादीतून काढायला महापालिकेचा माणूस इंदूरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक दार ठोठावत निघाला, तर आपण त्याला वेड्यात काढू. कचरागाडीनं दारोदार फिरावं, कारण कचरा दारोदार असतो. नाव एकाच दारावरचं असेल, तर आधी रजिस्टर बघावं. पोस्टग्रेसकडे असं रजिस्टर पहिल्यापासून आहे; कोणतं पान कोणत्या खान्यात आहे, ते त्यातून क्षणात कळतं. टेबल पुसताना तेवढं ते कुणी उघडत नव्हतं.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढं आहे. ही रीत ओबडधोबड आहे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. कोडमध्येच शेरा मारलेला होता: इथं ओळीनं शोध घेतला जातो, याहून शहाणी रीत हवी, पण ही वाट वेगाच्या दृष्टीनं फारशी महत्त्वाची नाही. महत्त्वाची नाही, पण कुणाला? दिवसा बेंचमार्क चालवणाऱ्याला नसेल. अडीच वाजता टर्मिनलकडे बघत बसलेल्याला तीच एक वाट असते.

ही खोड मोडली ती फुजित्सूच्या कर्क जेमिसन यांच्या पॅचनं. अमित कपिला यांनी जानेवारी 2021 मध्ये तो मूळ कोडमध्ये घेतला, आणि 30 सप्टेंबर 2021 ला आलेल्या आवृत्ती 14 मधून तो सगळ्यांना फुकट मिळाला. युक्ती साधी आहे. रजिस्टरमध्ये शोधायचं तर टेबलाची पानं नेमकी किती, हे आधी खात्रीनं माहीत हवं. एरवी ती खात्री देता येत नाही, कारण कुणीही कधीही टेबलात भर घालत असतो आणि एक पान जरी नजरेतून सुटलं तरी घात. पण रिकव्हरीत, म्हणजे नोंदवही वाचून सगळं पुन्हा करताना, बदल करणारा एकच असतो, त्यामुळं त्यानं लक्षात ठेवलेला आकडा खरा धरता येतो. मग बाद करायची पानं एकूण खान्यांच्या बत्तिसाव्या भागापेक्षा कमी असली की थेट रजिस्टर उघडायचं. जास्त असली किंवा आकडा ठाऊक नसला की जुनी दारोदार फेरी. लहान टेबलं आणि 100 जीबीच्या वरचे बफर्स असतील तिथं शंभरपटीहून जास्त फरक पडल्याचं चाचण्यांत दिसलं.

हे रामबाण नाही, हेही ऐका. मुख्य सर्व्हर चालू असताना ड्रॉप केलं तर फेरी अजूनही दारोदारच होते. म्हणून तात्पुरत्या कामाला तात्पुरती टेबलंच वापरा. ती शेअर्ड बफर्सच्या वाटेला जात नाहीत. आणि ड्रॉप करायचीच असतील तर शेकड्यानं एका ट्रान्झॅक्शनमध्ये करा, फेरी एकदाच होईल. हे मी त्या बैठकीत सांगितलं. उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअरला हात नको, चालतंय ना."

या "चालतंय ना"चाच मला संताप आहे. त्या गिऱ्हाइकाकडे आवृत्ती 12 होती. रॅमचं कोटेशन दोन दिवसांत मंजूर झालं. फुकटच्या अपग्रेडची फाइल दोन वर्षं टेबलावर पडून होती. रॅमचं बिल दाखवता येतं, फोटो काढता येतो. वेळेवर केलेल्या अपग्रेडचा सत्कार कुणी करत नाही. सर्व्हर धावतो किती, याचे रंगीत आलेख भिंतीवर झळकतात. पडल्यावर उठायला किती वेळ लागतो, याचा आकडा विचारला की सगळे छताकडे बघतात. उठवायची तालीम कधी केली विचारलं तर म्हणतात, राखीव सर्व्हर आहे की. आहे ना! भिंतीवर अग्निशामक सिलिंडरही असतो, त्यात गॅस आहे की नाही ते आग लागल्यावर कळतं.

12 चा आधार नोव्हेंबर 2024 मध्ये संपला आणि 13 चा नोव्हेंबर 2025 मध्ये. 14 च्या मागं राहिलेल्यांना आता सबब उरलेली नाही. तेव्हा पुढच्या वेळी रॅमच्या कोटेशनवर सही करण्यापूर्वी आपल्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: आपली आवृत्ती कोणती, आणि मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून राखीव सर्व्हर किती मिनिटांत उठतो, हे शेवटचं कधी मोजलं? दुसऱ्या प्रश्नाला तारीख आली नाही, तर पेन खाली ठेवा.