ओळखलं नाही म्हणजे रिकामं नव्हे

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर म्हणतोय डिस्क फॉरमॅट करा. करू का? दोनच बटणं आहेत, फॉरमॅट आणि कॅन्सल."

मी जवळजवळ ओरडलोच. "मावशी, कशालाही हात लावू नकोस! केबल काढ आणि डिस्क कपाटात ठेव."

घरच्यांना ही डिस्क माहीत आहे. २०१० साली काकांनी हौसेने घेतलेली, ५०० जीबीची. त्यात लग्नामुंजींचे फोटो आहेत, पण खरा ऐवज वेगळाच. आजी जात्यावर बसून म्हणायची त्या ओव्या काकांनी कॅसेटवर टेप केल्या होत्या आणि नंतर कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. घर बदलताना कॅसेट गेल्या. आजी आधीच गेली होती, पुढे काकाही गेले. आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता आणि त्या जागेबद्दल कॉम्प्युटर विचारत होता, 'पुसू का?'

मावशी त्याआधी डिस्क एका दुकानात दाखवून आली होती. तिथला मुलगा म्हणाला, "डेटा गेला. फॉरमॅट मारून देतो, डिस्क नव्यासारखी होईल." बिचाऱ्याचा काही दोष नाही. पडद्यावर जे दिसलं तेच त्याने बोलून दाखवलं. माझं भांडण आहे ते त्या पडद्यावरच्या वाक्याशी.

पण आधी कॉम्प्युटर डिस्क 'ओळखतो' म्हणजे नक्की काय करतो ते बघू. (ज्यांना हे पाठ आहे त्यांनी चार परिच्छेद खाली उडी मारावी.)

ही ओळख एका फटक्यात होत नाही, पायरीपायरीने होते. पहिला प्रश्न: कोणी आहे का? डिस्क आपलं मॉडेल आणि आपल्यात किती सेक्टर आहेत ते सांगते. सेक्टर म्हणजे वहीचं पान समजा, जुन्या हिशेबाने ५१२ बाइटचं. इथपर्यंत कॉम्प्युटरला फक्त एवढंच कळलेलं असतं की समोर इतक्या पानांची वही आहे. आत काय लिहिलंय याचा पत्ता नसतो.

दुसरा प्रश्न: वाटणी कशी झाली आहे? जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, हे पहिल्याच पानावर असतं. त्या ५१२ बाइटांपैकी ६४ बाइटांत वाटणीचा तक्ता: १६ बाइटांच्या चार ओळी, म्हणून मुख्य पार्टिशनं जास्तीत जास्त चार. शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए हे ठरलेले आकडे, तलाठ्याच्या शिक्क्यासारखे. जुन्या बायॉसला पार्टिशन वगैरे काही कळत नसे. तो शिक्का बघायचा, पहिलं पान मेमरीत घ्यायचा आणि तिथल्या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवून मोकळा व्हायचा. ही पद्धत १९८३ च्या डॉस २.० पासूनची. तिच्यात सेक्टरचे आकडे ३२ बिटांत मावायला हवेत, त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरने साधारण २.२ टेराबाइटपुढची जागा तिला सांगताच येत नाही. म्हणून पुढे जीपीटी आली. तिच्या तक्त्यात सहसा १२८ नोंदींची जागा असते, प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा १२८ बिटांचा वेगळा क्रमांक असतो आणि अख्ख्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. नव्या यूईएफआय फर्मवेअरला हा तक्ता स्वतःच वाचता येतो.

तिसरा प्रश्न: या वाटणीत कोणत्या भाषेत लिहिलंय? एनटीएफएस, फॅट३२, ईएक्सटी४... प्रत्येकीची ठरलेल्या जागी ठरलेली खूण असते. एनटीएफएसच्या पार्टिशनमध्ये पहिल्या सेक्टरच्या चौथ्या बाइटपासून ही चार अक्षरं चक्क लिहिलेली असतात. ती दिसली आणि आजूबाजूचे आकडे जुळले की ऑपरेटिंग सिस्टिम त्या वाटणीला एक अक्षर देते आणि आपल्याला 'ई ड्राइव्ह' दिसतो. हे अक्षर डिस्कच्या अंगावर कोरलेलं नसतं. तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलीत तर ती 'एफ' होईल.

आता मुद्दा असा की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळून डिस्कचा अगदी चिमुकला भाग होतात. मावशीच्या डिस्कवर सेक्टर होते जवळपास ९८ कोटी, आणि बिघडला होता त्यातला एक. वाटणीचा तक्ता शाबूत होता, पण पार्टिशनच्या पहिल्या पानाचा चुथडा झाला होता. (फाइल कॉपी होत असताना केबल ओढली गेली, हे मावशीने नंतर हळूच कबूल केलं.) आजीचा आवाज होता तिथेच होता. फक्त दारावरची पाटी पडली होती.

आणि पाटी पडलेल्या घराबद्दल कॉम्प्युटरने काय म्हणावं? 'हे घर वापरायचं असेल तर आधी पाडावं लागेल. पाडू का?'

माझा आक्षेप नेमका इथे आहे. 'मला ओळखता आलं नाही' हे कॉम्प्युटरचं खरं निरीक्षण. ते तो सांगतच नाही. त्याऐवजी तो थेट उपाय सांगतो, आणि तोही असा, की जणू आत काही नाहीच. स्वतःचं अज्ञान तो डिस्कच्या माथी मारतो. ईएक्सटी४ ची ठणठणीत डिस्क, ती भाषा न येणाऱ्या सिस्टिमला लावली तरी असाच सल्ला मिळू शकतो. मला तमिळ वाचता येत नाही, म्हणून मी तमिळ पुस्तक कोरं समजून त्यावर वाण्याचा हिशेब लिहायला घेतला तर तुम्ही मला काय म्हणाल?

यावर माझा एक मित्र म्हणतो, "अरे, नवी कोरी डिस्क लावल्यावर फॉरमॅट करा म्हणून सांगायलाच हवं ना? सामान्य माणसाला कसं कळणार?" बरोबर आहे, पण कोऱ्या आणि न ओळखलेल्या डिस्कमध्ये फरक करणं अवघड नाही. कोऱ्या डिस्कवर पानंच्या पानं शून्यं असतात. दोनचारशे ठिकाणी डोकावून बघितलं आणि शून्याशिवाय काही दिसलं, तर 'आत काहीतरी लिहिलेलं दिसतंय, मला वाचता येत नाही, जाणकाराला दाखवा' इतकं म्हणायला काय हरकत आहे? हे अशक्य नाही, कारण काही ठिकाणी याच्या जवळपास जाणारं वागणं आहेच. लिनक्सवर एक्सएफएस बनवायला जा. तिथे आधीची फाइल सिस्टिम दिसली तर आज्ञा सरळ नकार देते, मुद्दाम जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

गंमत पुढेच आहे. एनटीएफएस रचणाऱ्यांना पाटी पडू शकते हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी त्या पहिल्या पानाची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवली. म्हणजे औषध घरातच होतं! मी शनिवारी साताऱ्याला गेलो, आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, आणि मग नकलेवर टेस्टडिस्क हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. त्याने शेवटची प्रत शोधली, मी तिच्यावरून पहिलं पान पुन्हा लिहायला सांगितलं, आणि फोल्डर दिसायला लागले. नक्कल करायला अख्खी दुपार गेली. दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मावशीने ते बटण दाबलं असतं तर? झटपट फॉरमॅट सगळं पुसत नाही, नवी पाटी आणि नवी कोरी यादी लिहितो, त्यामुळे बरंचसं शोधून काढता आलं असतं, पण बहुधा नावांशिवाय आणि तुकड्यातुकड्यांत. दुकानातल्या मुलाने पूर्ण फॉरमॅट मारला असता तर हल्लीच्या सिस्टिमवर सगळीकडे शून्यं लिहिली गेली असती आणि विषय संपला असता. एसएसडीवर तर बऱ्याचदा झटपट फॉरमॅटनंतरही काही हाती लागत नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागेची खबर ड्राइव्हला दिली जाते आणि ती जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकतो.

म्हणजे एका साध्या वाक्याची किंमत एवढी मोठी. संदेश लिहिणं हे प्रोग्रॅमचं शेवटचं, कंटाळ्याचं काम समजलं जातं. माझ्या मते ते पहिल्या दर्जाचं काम आहे. वाचणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला सेक्टर-बिक्टर काही ठाऊक नसतं, आणि यंत्र म्हणतंय म्हणजे बरोबरच असणार असं त्याला वाटतं. अशा माणसाशी बोलताना 'मला माहीत नाही' म्हणण्याचा प्रामाणिकपणा यंत्रात असायला हवा. नसेल, तर तो आपण आपल्यात ठेवावा: असा प्रश्न समोर आला की उत्तर कॅन्सल, मग नक्कल, मग दुरुस्ती. आणि हो, मौल्यवान गोष्टीच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत! मी हे सगळ्यांना सांगत फिरतो आणि आजीच्या ओव्यांची एकच प्रत आहे हे मलाही त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो.

त्या संध्याकाळी मावशीने पहिली फाइल लावली. आधी थोडी खरखर, मग जात्याची घरघर, आणि मग आजी. मावशी काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ चहाच करत होती.

आता तीन घरांत तीन प्रती आहेत. चौथी कोणाला हवी असेल तर कळवा. पेन ड्राइव्ह घेऊन या, आणि काढताना जरा नीट काढा!