वही यंत्रात, साक्षीदार कोठे?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा व साक्षीदार घ्यावेत, ही सूरह बकराच्या 282 व्या आयतीतील ताकीद व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. मालवण किनाऱ्यावरही वह्या आता संगणकात गेल्या.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतली व कायमचे परवाने विकणे थांबवले. त्यामुळे मोफत मिळणाऱ्या प्रॉक्समॉक्सकडे अनेकजण वळले. त्यात एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालतात. दोन यंत्रांची जोडीही बांधता येते. पण मे 2021 च्या तौक्ते वादळासारखी वीज गेली आणि नंतर एकच यंत्र उठले, तर ते हिशेबाचा आभासी संगणक सुरूच करीत नाही. दोघांत एकाचे मत म्हणजे बहुमत नव्हे! नियम रास्त आहे, नाहीतर दोन यंत्रे दोन वह्या लिहितील.

आमची तक्रार वेगळी आहे. आज्ञा टाइप केली की पडद्यावर 'नो कोरम?' असा इंग्रजी सवाल उमटतो. कोणते यंत्र गैरहजर, साठा शाबूत आहे का, पुढे काय करावे, हे तेथेच सांगायला कर्त्यांची काय हरकत आहे? घाबरलेला पोरगा मग 'एकच मत पुरे' अशी आज्ञा देऊन मोकळा होतो.

तोवर बांधवांनी यंत्र बसवणाऱ्याकडे तिसऱ्या मतासाठी एक लहान यंत्र मागावे, आणि वहीची नक्कल दुकानाबाहेर, कुडाळला म्हणा, ठेवावी.