हुकमाचं पान

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलाचा वाढदिवस तोंडावर आलेला, आणि यजमान 'जॅक रसेल' जातीचं पिल्लू आणायचं म्हणून हटून बसलेले. "विकणारा म्हणतो, लहानखुरं आहे, कोपऱ्यात पडून राहील. खरं का हो हे?" असं तिनं विचारलं आहे.

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण ज्याचं नाव या कुत्र्याला मिळालं, तो माणूस कसा होता ते आधी सांगते. मग निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

जॉन रसेल हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला ख्रिस्ती धर्मोपदेशक. लोक त्याला जॅक म्हणत. जन्म १७९५चा. शाळेत असतानाच यानं चोरून शिकारी कुत्रे पाळले होते, आणि त्यापायी नाव काढून टाकण्यापर्यंत पाळी आली होती! पुढे ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९च्या मे महिन्यात, फिरता फिरता त्याला एक दूधवाला भेटला. त्याच्याबरोबर एक कुत्री होती. अंगानं पांढरी, डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा एक ठिपका. गड्याची नजर तिच्यावरून हलेना. पैसे मोजून तिला विकत घेतली तेव्हाच तो पुढे सरकला. तिचं नाव ट्रम्प, म्हणजे आपल्या पत्त्यांतला हुकूम. याच कुत्रीपासून रसेलनं आपलं टेरियरांचं घराणं वाढवलं.

डोळ्यांसमोर येत नसेल, तर माहेरच्या जुन्या तबकड्या आठवा. कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा. त्याच्याही अंगात टेरियरचंच रक्त होतं म्हणतात. साधारण तसाच चणीचा प्राणी.

आता या टेरियरांचं काम काय? कोल्ह्यामागे मोठ्या शिकारी कुत्र्यांचा ताफा धावायचा. (आपल्याकडे खरं तर त्याला खोकड म्हणतात, पण आपण गोष्टीतला कोल्हाच म्हणू.) कोल्हा बिळात शिरला की मोठ्यांचं काही चालत नसे. मग टेरियर आत जायचा. अंधारात, मातीत, एकटा! आत कोल्ह्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर काढायचं. पण मारायचं नाही. ही रसेलची अट होती. कोल्ह्याला फाडणारा कुत्रा त्याला नको असे, आणि म्हणून टेरियरमध्ये बुलडॉगचं रक्त मिसळणं त्याला पसंत नव्हतं. त्याला धीट पण डोकं ठिकाणावर असलेला कुत्रा हवा होता. बायांनो, घरातल्या माणसांतसुद्धा असं मिश्रण किती दुर्मिळ, ते मी तुम्हाला काय सांगू!

अंगाची ठेवणही कामावरूनच ठरली. घोड्यांबरोबर मैलोनमैल धावता यावं म्हणून पाय लांब. बिळात शिरता यावं म्हणून छाती आटोपशीर. आजही प्रदर्शनात परीक्षक या कुत्र्याच्या खांद्यामागे दोन्ही हातांचा वेढा घालून पाहतात. पंजे जुळले पाहिजेत. आणि रंग पांढरा कशासाठी? चिखलानं माखून बाहेर आला, तरी कोणी त्याला कोल्हा समजू नये म्हणून.

१८७३ साली इंग्लंडात केनेल क्लब निघाला, त्याच्या पहिल्या सभासदांत रसेल होता. प्रदर्शनात फॉक्स टेरियरांचा परीक्षक म्हणून त्याला मानानं बोलावत. पण स्वतःची कुत्री तो तिथे मांडत नसे! मला यात अहंकार दिसत नाही. पाककृती स्पर्धेत परीक्षक म्हणून बसणारी एखादी मावशी असते ना, जिला घरच्या आमटीची परीक्षा जेवणाऱ्यांनीच करावी असं वाटतं, तसलीच ही तऱ्हा.

त्याच्या बायकोबद्दल फार लिहिलेलं सापडत नाही. पेनेलपी तिचं नाव, आरमारातल्या ॲडमिरलची लेक, लग्न १८२६चं. तिलाही शिकारीची आवड होती हे खरं, पण तिनं माहेराहून आणलेला पैसा घोडे नि कुत्री यांच्यापायी गेला हेही तितकंच खरं. स्विमब्रिज गावच्या चर्चमध्ये त्यानं पंचेचाळीसहून अधिक वर्षं सेवा केली. माणसं जोडली, युवराजाशीसुद्धा दोस्ती जमली. पैसा मात्र टिकला नाही. १८७५ साली ती गेली. त्यानंतर चार वर्षांनी, ऐंशी उलटल्यावर, जरा बऱ्या उत्पन्नासाठी म्हाताऱ्याला गाव सोडावं लागलं. १८८३च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि स्विमब्रिजलाच त्याला पुरलं. एवढं मोठं नाव मागे राहिलं, पण त्याचा हिशोब कोणी कधी पेनेलपीच्या बाजूनं मांडला असेल असं मला वाटत नाही.

त्याच्या पश्चात या कुत्र्यांवरून भांडणं झाली. कामाचे कुत्रे पाळणारे म्हणत, प्रदर्शनात नेलंत की रूप राहील आणि गुण जाईल. शेवटी लांब पायांच्या टेरियरला केनेल क्लबनं १९९० साली मान्यता दिली; त्याचं आजचं नाव पार्सन रसेल. त्याच्या बुटक्या भावाला, म्हणजे जॅक रसेलला, तिथे २०१६ साली मान्यता मिळाली. कुत्र्यांच्या ताफ्यानं कोल्ह्याची शिकार करणं तर इंग्लंडात २००५पासून कायद्यानं बंद आहे. काम गेलं, पण कामाची खुमखुमी कुत्र्याच्या अंगातून गेलेली नाही.

तर पत्र लिहिणाऱ्या ताई, हा कुत्रा कोपऱ्यात पडून राहणार नाही. जॅक रसेल जेमतेम फूटभर उंच, पण रोज तासभर तरी पळवावा लागतो. नाही पळवलात तर तो कुंड्या उकरील, गादी फाडील, खारीमागे गॅलरीच्या गजांतून उडी घ्यायला बघेल, आणि भुंकून शेजार जागा ठेवील. चौदा-पंधरा वर्षं सहज जगतो; म्हणजे मुलगा कॉलेजात गेला तरी पट्टा तुमच्याच हातात! यजमानांना आजच विचारा, सकाळी सहाला खाली कोण नेणार? आधी महिनाभर कुत्र्यावाचूनच त्यांना तेवढं फिरून येऊ द्या.

आणि तरीही घ्यायचं ठरलंच, तर पैसे देण्यापूर्वी पिल्लाची आई बघायला मागा. ती अनोळखी माणसाजवळ कशी येते, पिल्लांपाशी कशी वागते, खंगलेली तर नाही ना, ते नीट पाहा. पांढऱ्या पिल्लांत कधीकधी बहिरेपणा असतो, म्हणून पाठीमागून टाळी वाजवून बघा. आई दाखवायला टाळाटाळ केली, तर चपला घालून सरळ घरी या.